गैरअर्जदाराच्या अक्षरात

केवळाबाई : …तुमच्यावरच केस करायची हाय, अप्पा. कुठं करू, तेवढं सांगा.

मडिवाळप्पा : आधी बस. उभ्यानं कायद्याचं बोलू न्हाई. तुला ग्रामपंचायतीत जा म्हणलं होतं, त्याचं काय झालं?

केवळाबाई : सरपंच म्हणले, अप्पांनी तुझ्या शेताच्या वाटंवर टाकलेले दगडं काढायचा हुकूम आमच्या हातात न्हाई. ठराव घेतो. घेतला. दगडं हायत तिथंच हायत.

मडिवाळप्पा : आन पोलिसात?

केवळाबाई : जमादार म्हणला, डोकं फुटलं का कुणाचं? म्हणलं, न्हाई. म्हणला, मग तहसीलचं बघ.

मडिवाळप्पा : हां… ते ऱ्हाऊ दे. कलेक्टरकडं गेलतीस का?

केवळाबाई : गेलते की, दोन यष्ट्या बदलून लातूरला. तिथल्या बाईनं शिक्का मारला आन म्हणली, अर्ज खाली पाठवलाय. मी जिना उतरून खालच्या मजल्यावर तासभर बसले.

मडिवाळप्पा : अगं, खाली म्हंजे मजला न्हाई! कलेक्टरच्या खाली एसडीएम, एसडीएमच्या खाली तहसीलदार, तहसीलदाराच्या खाली मंडळ अधिकारी, त्याच्या खाली तलाठी.

सिद्धम्मा : आन तलाठ्याच्या खाली आमच्या ह्यांचे दगडं. अय्यो, तुरीची दोन झाडं मोडली तिच्या ट्रॅक्टरनं, तर पाच महिने फिरवून राहिले बिचारीला!

मडिवाळप्पा : तू चहा बघ.

सिद्धम्मा : बघितलाय. केवळापुरताच टाकलाय.

केवळाबाई : सोमवारी तोडणीची टोळी येणार, अप्पा. तोडलेला ऊस बाहेर निघाला न्हाई तर फडातच वाळून चिपाड होईल. आता दिवाणी कोर्टात जाऊ का?

मडिवाळप्पा : जा की. इज्जतीचं ठिकाण हाय. जमीन कुणाची, हक्क कुणाचा, सगळं मुळापासून निघतं तिथं.

केवळाबाई : बरं. म्हंजे मन्मथ म्हणला ते खरंच म्हणायचं.

मडिवाळप्पा : कोण मन्मथ? तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला?

केवळाबाई : हाव. म्हणला, अप्पा तीस वर्षं नुसत्या कोर्टाच्या पेश्या करून राहिले, पण वाटंचा कायदा त्यांना अजून ठाऊक न्हाई.

मडिवाळप्पा : मला? मला ठाऊक न्हाई? वाट अडवली तर दिवाणी कोर्टात कशाला जायचं? तहसीलदार! तोच तिथं कोर्ट असतो! मामलेदार कोर्ट कायदा, एकोणीसशे सहाचा, कलम पाच. खुर्ची तीच, साहेब तोच, पण कलम पाचचा अर्ज आला की तो न्यायाधीश. जागेवर येऊन मौका बघतो, पंचनामा करतो, वाट मोकळी करा म्हणून हुकूम देतो. फकस्त अर्ज सहा महिन्यांच्या आत पायजे, न्हाईतर…

(चुलीवरचा चहा उतू जातो. कुणी उठत नाही.)

केवळाबाई : दगडं कवा टाकलते, अप्पा?

मडिवाळप्पा : …पंचमीला.

सिद्धम्मा : पंचमी ऑगस्टात झाली. आता जानेवारी सरत आला. म्हंजे आठ-दहा दिवस ऱ्हायले! म्हणून लातूर दाखवलं व्हय तिला?

केवळाबाई : अर्ज लिहून द्या मग.

मडिवाळप्पा : मी? माझ्यावर?

केवळाबाई : न्हाईतर मन्मथ देतो म्हणला.

मडिवाळप्पा : त्याला ‘गैरअर्जदार’ हा शब्द तरी नीट लिहिता येतो का? सिद्धम्मा, कागद आण. रेघाचा नको, कोरा. हां… ‘अर्जदार, केवळाबाई.’ ‘गैरअर्जदार, मडिवाळप्पा भीमाशंकर बिराजदार, वय अडुसष्ट.’

सिद्धम्मा : बहात्तर.

मडिवाळप्पा : ‘…वय बहात्तर. सदर इसमाने हेकेखोरपणाने वहिवाटीची वाट अडवली आहे.’

केवळाबाई : हेकेखोर नका लिहू, अप्पा. बरं दिसत न्हाई.

मडिवाळप्पा : मधी बोलू नको. अर्जात जोर पायजे.

सिद्धम्मा : ऱ्हाऊ द्या तो शब्द. पंचनाम्यात बी टिकंल.

केवळाबाई : पण सोमवारच्या आत हुकूम निघंल का?

मडिवाळप्पा : कसा निघंल? आधी नोटीस, मग मौका, मग जबाब. आन हा गैरअर्जदार कच्चा न्हाई. पहिल्याच पेशीला तारीख मागून घेईल.

केवळाबाई : मग माझा ऊस?

सिद्धम्मा : अहो, ऊस इचारून राहिली ती.

मडिवाळप्पा : …रविवारी काढतो दगडं.

केवळाबाई : मग आत्ताच काढा की. अर्ज तरी कशाला पायजे?

मडिवाळप्पा : रविवारी म्हणलं ना. आज एवढा पुरा होऊ दे. लई चांगला जमून राहिला.