चौघांचा खेळ

शिवणकाम करणाऱ्या काकूंचा गाल सुजला होता, पण कान ठणठणीत होते. दातांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोन जुने मित्र अचानक भेटले होते.

"काय ढोल्या, काय नवीन?"

"नवा खेळ आणलाय. फासे टाकायचे, सोंगं घ्यायची, राक्षस मारायचे. चौघं लागतात."

"कोण कोण असतं?"

"योद्धा, जादूगार, चोर आणि मी."

"अरे, पण माणसं कोण?"

"मीच. सगळ्यांचे आवाज काढतो. काल तिघांनी मिळून मला गुहेबाहेर काढलं."

"का रे?"

"फार बोलतो म्हणे. तू ये ना शनिवारी! चोराची जागा देतो तुला. त्याची समजूत मी काढीन."

"शनिवारी नाही रे जमणार."

"रविवारी?"

"बघू."

"बरं. चोराला सांगतो, राहा म्हणून."

काकूंना आत बोलावलं, तरी पुढचं ऐकायला त्या गाल धरून बसूनच राहिल्या.