बाईंनी मला ओळखलं होतं

बाईंच्या भगिनी, संस्थेची मंडळी, पालक आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलींनो,

आज बोलायला उभी राहू नये असंच वाटत होतं. चार चांगल्या ओळी लिहून आणल्या होत्या, त्या वाचवत नाहीत. दारात आपल्या शाळेच्या शिपाई गंगूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमी बोला की बाई. लई वर्सं झाली, ऐकूनच घेताय." म्हणून बोलते.

आपल्या मुख्याध्यापिका गेल्या. मोठ्या होत्या, हे आधी सांगते. दुष्काळात मोहोळकडच्या मुली त्यांनी शुक्रवार पेठेतल्या स्वतःच्या घरी ठेवून घेतल्या. त्या मुली आज इथे रडताहेत. ते रडणं खरं आहे.

पण बाईंची एक रीत होती. नवी शिक्षिका आली की तिला मुलींबरोबर गड्ड्याच्या यात्रेला न्यायचं आणि लांबून बघत राहायचं. कोण पुढे चालते, कोण पुन्हापुन्हा मुली मोजते, कोण स्वतःच आधी पाळण्यात बसते. परत आलं की शिक्षक-खोलीत तिचा स्वभाव जाहीर. मी एका रडणाऱ्या मुलीपाशी मातीत बसले होते. बाई म्हणाल्या, सुलभा सावरणारी. झालं. कुणाला चक्कर आली, कुणाचा वर्ग आवरेना, बोलवा सुलभाबाईंना.

आणखी एक विचारायच्या. कशापायी तू ही नोकरी सोडशील? मी म्हटलं, खोटं बोलावं लागलं तर. बाई म्हणाल्या, मग आपलं जमेल, माझंही तेच आहे.

ऐकताय ना? माझंही तेच आहे, म्हणाल्या.

पर्यवेक्षिकेची जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. बाईंनी घरी बोलावलं. भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. मग म्हणाल्या, "खुर्ची तुझ्या स्वभावात नाही, सुलभा. स्वतःला ओळख." मी अर्ज मागे घेतला. वाईटसुद्धा वाटलं नाही. आपल्याला कुणीतरी इतकं आतून ओळखतं, याचाच आनंद.

बाई गेल्यावर, परवा त्यांच्या घरी भेटायला गेले. आपल्या संस्थेचे जुने चिटणीस, काका, तिथे होते. काका, तुम्ही समोर आहात, चुकलं तर थांबवा. ते माझं कौतुकच करत होते. म्हणाले, तुमच्याबद्दल बाईंना केवढी खात्री. पर्यवेक्षिका निवडायच्या वेळी समितीला म्हणाल्या होत्या, "सुलभा पुढे आली तर शाळेत मला कुणी विचारणार नाही. तिला आहे तिथेच राहू द्या."

ओळखण्यात चुकल्या असत्या तर मी अवाक्षर काढलं नसतं. चुकतं माणसाचं. पण त्या चुकल्या नव्हत्या. समितीला खरं सांगितलं आणि मला खोटं.

बाई, तुम्ही मला फसवलंत. जागेचं सोडा. वर्गात माझा आवाज चढला की मलाच लाज वाटायची, हा आपला स्वभाव नव्हे म्हणून. आता मी कोण, हे कुणाला विचारू? तुम्हालाच विचारायची सवय लावलीत.

मुलींनो, कुणी तुमचा स्वभाव सांगितला तर ऐकून घ्या. सांगणाऱ्याला काय हवंय, तेही बघा.

बाई, माझा नमस्कार घ्या. रागासकट घ्या.

मौनाची सूचना नव्या मुख्याध्यापिका देणार असं ठरलं होतं. ती मी देते. सगळ्यांनी उभं राहावं. मी सांगेन तेव्हा बसायचं.