साठ मीटरवरून

ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागात, आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानावर, चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक माणूस आणि एक बाई अशी दोघं उभी होती. बाईंची मैदानाकडे पाठ.

“वेळ संपल्याचा भोंगा झाला! डार्सीनं झेल त्याआधीच घेतलाय, म्हणून आता त्याची किक तेवढी उरली. साठ मीटर, तीही वाऱ्याविरुद्ध! वेड लागलंय पोराला.”

“काय होतंय ते मला सांगा.”

“वळून बघा की, बाई!”

“गेल्या वर्षी इथंच पाय मोडला त्याचा. आई आहे मी त्याची.”

“अरे देवा... चुकलं माझं. निघाला बघा धावत.”

“कुठल्या पायानं मारतोय?”

“उजव्या.”

“तोच तो.”

“मारली! जातेय... जातेय... गोल! ऐकलेत हॉर्न? मैदानाभोवती लावलेल्या सगळ्या गाड्या वाजवतायत. जिंकलो, बाई!”

“हॉर्न ऐकले मी. तो उभा आहे का, ते सांगा.”