बुटातला पेंढा

पाणचक्कीवर दळणाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. त्यातल्या मालिनचा नवरा गेल्या हिवाळ्यात पोमेरेनियाच्या लढाईत पडला होता.

"मालिन, मग घर कधी सोडतेयस?"

"नाही सोडत. घर शिपायाचं. गावानं फौजेला नवा शिपाई दिला, की त्याच्या माणसांनी तिथं राहायचं."

"म्हणजे नव्या शिपायाशी लग्न लावलंस? पुष्कळ विधवा लावतात."

"नाही गं. आमचा थोरला, होकान, भरती झाला."

"होकान? चौदाचा ना तो?"

"कप्तानाला अठरा सांगितले. उंच दिसावा म्हणून बुटांत पेंढा भरला. मीच भरला."

"आणि पाद्रीबाबा? त्यांच्या वहीत जन्मतारीख असते की!"

"ते खिडकीबाहेर बघत राहिले."

"पोरगं रडलं का गं?"

"नाही. बापाचा कोट अंगात घातला आणि बाह्या दुमडायला माझ्यापुढे हात केले. दोन-दोन घड्या घालाव्या लागल्या."

"देव न करो, पण त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

"धाकटा आहे ना. नऊ वर्षांचा."

"मालिन!"

"मी त्याला यातलं काही सांगितलेलं नाही. पण परवापासून तो टाचा उचलून चालतोय."