ठकूच्या ढिगावरचा दगड

ऐका रं! आणि महिपत, तो मोबाईल खाली ठेव. तुझ्यासाठीच सांगतोय.

खिंडीतला जुना रस्ता बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी केला. खडी फोडून, उपाशीपोटी! ठकू तिथंच गेली. पोटुशी होती, कळा सुरू झाल्या. तर मुकादम म्हणतो कसा, "हजेरी होऊ दे, मग जा!" आरं, माणूस होतास का कोण? हातातला हातोडा हातातच राहिला तिच्या. तवापासून खिंडीतनं जाणारा तिच्या नावानं ढिगावर एक दगड टाकतो. टाकतो बरं का, उचलत नाही!

आपल्या गावच्या रावबानं एक उचलला. चांगला सपाट होता, बायकोला धुणं धुवायला. मी म्हटलं, "रावबा, ठेव तो." तर हसला!

वर्ष झालं नसंल. दिवेलागणीला त्याची बायको अडली. सुईण यसाआक्का खिंडीपल्याड. रावबा कंदील घेऊन निघाला. खिंडीत आला आणि टक्... टक्... कुणी खडी फोडतंय! पळाला. पळतोय, पळतोय, बघतो तर म्होरं तोच ढीग! पुन्हा पळाला. पुन्हा ढीग! चकवा लागला, बाबांनो. तिसऱ्यांदा कंदीलच विझला. आणि ढिगावर बाई बसलेली. डोक्यावर पदर, हातात हातोडा.

"माझा दगड कुठाय?"

हातोडा वर गेला. रावबा मटकन खाली बसला. "बाई, उद्या आणतो! डोक्यावरनं आणतो! बायको अडलीय घरी, सुईणीला आणाय चाललोय!"

हातोडा वरच थांबला. "अडलीय?" आणि अशी ओरडली, अशी ओरडली, "मग हितं बसलास का, मुडद्या? पळ!"

वाट मोकळी झाली. यसाआक्का आली, बाई सुखरूप सुटली, पोरगा झाला. सकाळी रावबा अनवाणी गेला, दगड जागेवर ठेवून आला. मी होतो संगं.

तो पोरगा कोण? हा काय, महिपत! बघा कसा मान खाली घालून बसलाय. बापानं एक नेला. यानं काल ट्रॅक्टर लावून अख्खा ढीग आणला, घराच्या ओट्याला! लाज नाही वाटत? जिनं वाट सोडली म्हणून जन्मलास, तिचेच दगड?

उजाडताच सगळे परत टाक. तोवर त्या वाटेला कुणी फिरकू नका. आणि तू तर नाहीच, महिपत. तुझ्या बापाकडं सांगायला अडलेली बायको होती. तू काय सांगशील, ओटा बांधायचाय?