फ्रेमवाल्यांच्या घरचे सर

(सांगलीत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं घर. दुपार. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.)

अक्षता : म्हणजे या दारापलीकडेच आहेत ते?

अख्तरबी : व्हय. तुजे वडील, आमचे सर, खिडकीपाशी बसल्यात. जेवन झालं की तिथंच बसत्यात, नदीकडं तोंड करून. तू आदी पानी पी पोरी. लोणंदहून आलीस, दमली असशील.

अक्षता : नाही दमले. चाची, फोनवर बोलले तेच परत सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. मी त्यांना घरी न्यायला आलेली नाही. मिरजेजवळ एक संस्था आहे. विसरायला लागलेल्या अशा लोकांना ठेवून घेतात, जेवण, औषधं, सगळं बघतात. मी बोलून ठेवलंय. आजच सोडते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते.

अख्तरबी : तुजं बरोबर हाय. मी काय म्हननार? मीच फोन करून बोलवलं तुला. वाजिदची, माज्या पोराची, बदली झाली पुण्याला. दोन खोल्यांचं घर, त्याची ल्हान लेकरं. माजे गुडगे गेले. सर दार उघडं दिसलं की नदीवर चालू लागत्यात, लोक हाताला धरून आनत्यात. न्हाईतर मी फोन केलाच नसता.

अक्षता : माझा नंबर कुणी दिला?

अख्तरबी : सयाजी कंडक्टरनं. तुमच्या दहिवडीच्या गाडीवर हुता बग, आता रिटायर झाला.

अक्षता : त्याचा तुमच्याशी काय संबंध?

अख्तरबी : सांगते. पन आदी तू सांग. तुला घरात काय सांगितलं हुतं?

अक्षता : घरात काहीच नाही. आई त्यांचं नाव काढत नव्हती. मला आठवतं ते एवढंच, की पाचगणीला त्या मोठ्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, आम्ही तिथंच राहायचो. मग एक दिवस वर्गात पिऊन गेले आणि नोकरी गेली. गावी आलो. माणच्या दुष्काळी भागात काय आहे? आईनं शेरडं घेतली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. हे ओट्यावर बसून असायचे. एक दिवस म्हणाले, सांगलीला जाऊन चित्राला फ्रेम करून आणतो. आईनं भाकरी बांधून दिली. परत आलेच नाहीत. मग गावात बोलायला लागले, प्रबुद्ध मास्तर सांगलीत एका मुसलमान बाईच्या घरात राहतोय.

अख्तरबी : ती बाई मी.

अक्षता : ते कळलं मला.

अख्तरबी : माजा नवरा बी हुता त्या घरात. लियाकत. ते कुनी सांगितलं न्हाई तुमच्या गावात?

अक्षता : नाही.

अख्तरबी : फ्रेमचं दुकान हुतं आमचं. आमच्याकडं काय येनार? देवाच्या तसबिरी, मक्का-मदिना, बाबासाहेब, लग्नातले फोटो. तुजे वडील आले पेपरात गुंडाळलेलं चित्र घेऊन. अंगात ताप, तोंडाला वास. लियाकतनी पेपर सोडला आनि बगतच ऱ्हायला. माहुलीची नदी हुती, सकाळची. घाट न्हाई धड, देऊळ न्हाई धड, निस्ता पान्यावरचा उजेड. मी डबा घेऊन गेलेली, मला म्हनला, अख्तर, हात लावू नको, बोट भिजंल. फ्रेम कुठली लावू म्हनून त्यानं मान वर केली तर मास्तर बाकड्यावरनं खाली पडलेले. उचलून घरी आनलं. न्यूमोनिया निगाला. दवाखाना, मग आमचं घर. उठून बसायला लय दिवस लागले.

अक्षता : आणि बरे झाल्यावर? तेव्हा घरी का नाही आले?

अख्तरबी : निगाले की. लियाकतनी सोता गाडीत बसवलं. तिसऱ्या दिशी परत दुकानाच्या पायरीवर. दहिवडी स्टँडवर उतरले, पाय उचलंना, तिथंच प्याले, आली त्या गाडीत बसले. दुसऱ्यांदा बी तसंच. तवा लियाकत म्हनला, आता आपनच जाऊ. मी आनि त्यो तुमच्या गावाला आलो.

अक्षता : आमच्या घरी?

अख्तरबी : तुज्या आईनं, येसूबाईनं, च्या केला आमाला. तू शाळेत गेलेली. मी म्हनलं, बाई, तुमचा मानूस आमच्याकडं हाय, घेऊन जावा. तिनं चुलीतलं लाकूड म्होरं सारलं. मग म्हनाली, पोरगी आता कुठं पुन्यांदा हसाय लागलीया. त्यानं दारू सोडली तर आना, मी दारात उभी ऱ्हाते. न्हाई सोडली तर तुमच्याकडंच ठेवा, पन उपाशी ठेवू नगा.

अक्षता : असं म्हणाली आई?

अख्तरबी : असंच. पुढं दर साली बाजरीची सुगी झाली की सयाजी कंडक्टरच्या गाडीत एक पिशवी यायची. बाजरी आनि हुलगं. सरास्नी हुलग्याचं माडगं आवडतं, तिनंच मला करायचं शिकवलं त्या दिशी, चुलीपाशी बसून.

अक्षता : ती पिशवी...

अख्तरबी : काय झालं?

अक्षता : ती पिशवी मी नेऊन द्यायचे स्टँडवर. आई म्हणायची, सांगलीत आपलं एक नातं आहे, त्यांना जाते. मी सायकलला अडकवून न्यायचे. एकदा विचारलं, कसलं नातं? तर म्हणाली, लांबचं.

अख्तरबी : पिशवी आली की सर ती घेऊन बसायचे. बाजरी ओंजळीत घ्यायचे, परत सोडायचे. मागच्या साली आली न्हाई. तवा मी वळखलं.

अक्षता : त्याच्या आधीच्या माघात गेली आई.

अख्तरबी : सरास्नी सांगितलं न्हाई मी. कुठल्या तोंडानं सांगू?

अक्षता : दारू कधी सोडलीच नाही त्यांनी?

अख्तरबी : सोडायचे, धरायचे. चांगले असले की पहाटे उठून नदीवर. कागद ओला करायचे, भराभर रंग लावायचे. माज्यावर कधी आवाज चढवला न्हाई. प्याले की रडायचे आनि त्या हॉलंडवाल्या चित्रकाराची गोष्ट सांगायचे. नाव मला नीट घेता येत न्हाई.

अक्षता : योंगकिंट.

अख्तरबी : त्योच. तुला ठावं?

अक्षता : पाचगणीच्या खोलीत त्याचं एक चित्र चिकटवलेलं होतं, जुन्या पुस्तकातलं. नदी, होड्या आणि चंद्र. पप्पा मला उचलून दाखवायचे, म्हणायचे, बघ, चंद्र वर नाहीच, सगळा पाण्यात सांडलाय.

अख्तरबी : सर सांगायचे, त्यो आपला मुलूख सोडून फ्रान्सला गेला. हात सोन्याचा, पन पिऊन पिऊन वाया गेला. मग एका बाईनं त्याला सांभाळलं. तिचा नवरा हुता, पोरगा हुता, त्या सगळ्यांनी त्याला घरातलाच मानला. आनि त्याचं बगून बगून दुसरी मानसं उजेड काढायला शिकली, ती पुढं जगात मोठी झाली. मला म्हनायचे, अख्तरबी, तुमी त्या बाईसारख्या. मी एकदा विचारलं, त्याला पोरंबाळं हुती का? म्हनाले, न्हाई. म्हनलं, मग त्याचं सोपं हुतं.

अक्षता : काय म्हणाले त्यावर?

अख्तरबी : उठून गेले. जेवले न्हाईत त्या दिशी.

अक्षता : आता ती चित्रं कुठं आहेत? भिंतीवर एकही दिसत नाही.

अख्तरबी : एकोनीसच्या पुरात गेली. सगळी दुकानातल्या माळ्यावर हुती, पत्र्याच्या पेटीत. आमाला होडीतनं शाळेत नेऊन बसवलं हुतं. लियाकत म्हनत हुता, माळ्यापातुर पानी चढत न्हाई. पन चढत गेलं. सर ल्हान पोरावानी रडाय लागले. लियाकतला बगवलं न्हाई. होडीवाल्या पोरांबरूबर गेला, दुकानात शिरला, छातीएवढ्या पान्यातनं पेटी डोक्यावर घेऊन आला. शाळेच्या व्हरांड्यात उगडली. सगळं भिजलेलं. एकाचा रंग दुसऱ्यात, काही कागद तर निस्ते पांढरे. लियाकतला पाठोपाठ ताप भरला. पुराच्या पान्याचा ताप. पानी उतरायच्या आत गेला.

अक्षता : चाची...

अख्तरबी : सर कबरस्तानापातुर चालत आले. त्या दिवसापास्नं दारूला शिवले न्हाईत. ब्रशला बी न्हाई.

अक्षता : तुम्हाला राग नाही आला त्यांचा?

अख्तरबी : आला की. लय आला. ताटात वाढत हुते, पन तोंड बगत नव्हते. वाजिद म्हनला, अम्मी, आता ह्यास्नी कुठंतरी पोचवू. मी व्हय म्हनले. मग एक दिवस दुकान झाडायला गेले तर सर लियाकतच्या बाकड्यावर बसून काचा पुसत हुते. ऱ्हायलेल्या काचा, चिखलानं माखलेल्या. गिऱ्हाईक न्हाई, फ्रेम न्हाई, काय न्हाई. तरी एकेक काच उजेडात धरून बगत हुते, पुन्यांदा पुसत हुते. मी गेले, शेजारी बसले, दुसरं फडकं घेतलं. मग कुठं पोचवायचं?

अक्षता : आणि हे विसरणं तेव्हापासून?

अख्तरबी : हळूहळू. त्यांचा पाचगणीचा एक विद्यार्थी आला हुता, ऋषिराज. आता मुंबईत त्याचं नाव हाय म्हनं. जमिनीवर बसला सरांच्या पायाशी. सरांनी विचारलं, तू कोन? त्यानं मोबाईलवर आपली चित्रं दाखवली. सगळी पान्याची. सर म्हनाले, ही मी कवा काढली? तर त्यो पोरगा म्हनला, तुमीच काढली सर, मी निस्ती सही केली. आनि भाईर येऊन भिंतीला टेकून रडला.

अक्षता : चाची, तिथं त्यांची नीट काळजी घेतील. मी दर महिन्याला जाईन.

अख्तरबी : जा. एक सांगू? त्या हॉलंडवाल्याची गोष्ट सर तिथंच संपवायचे, की त्या बाईच्या घरी त्यो सुखानं म्हातारा झाला. तू फोनवर संस्थेचं बोललीस तवा मी वाजिदला म्हनलं, मोबाईलवर बग जरा, पुढं काय झालं त्याचं. त्यानं बगून सांगितलं. शेवटी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवला, तिथंच गेला. ती बाई बी त्याच साली गेली.

अक्षता : पप्पांना ठाऊक असणार ते.

अख्तरबी : ठावं असंल. मला कधी सांगितलं न्हाई. मी भिऊ नये म्हनून असंल, का सोता भीत हुते म्हनून. आता काय कळायचं?

प्रबुद्ध : अख्तरबी, कोण आलंय?

अख्तरबी : या सर, भाईर या. बगा, वळख लागती का.

प्रबुद्ध : पाचगणीची काय? ऋषिराजच्या वर्गातली?

अक्षता : नाही. मी अक्षता.

प्रबुद्ध : चांगलं नाव हाय. आमच्या पोरीचं बी हेच नाव.

अक्षता : कुठं असते ती?

प्रबुद्ध : गावाकडं. ल्हान हाय अजून. आता शाळेत असंल. मला जायचंय तिच्याकडं, कवाचं जायचंय. पर तिथं उतरलं की पाय जड होत्यात. समोरनं ती आली आनि म्हनाली, पप्पा कुठं हुता, तर काय सांगायचं?

अक्षता : ती विचारणार नाही.

प्रबुद्ध : तुला काय ठावं? रागीट हाय ती. आईवर गेलीया.

अक्षता : राग आहे तिला. पण येऊ द्या म्हणाली.

प्रबुद्ध : तू बोललीस तिच्याशी?

अक्षता : हो.

अख्तरबी : पोरी, वाजिद गाडी घेऊन येतोय. मिरजेला न्यायची सांगू न्हवं?

अक्षता : स्टेशनवर, चाची. लोणंदची गाडी आहे पाच वाजता.

अख्तरबी : बग हां. नोकरी तुजी. एकटीच हाईस.

अक्षता : बघते कसं जमतं ते. माडगं मलाही येतं करायला. चला पप्पा, शाळा सुटायच्या आत पोचू. तिला घेऊनच घरी जाऊ.

प्रबुद्ध : चला. उशीर नको. अख्तरबी, तुमी चप्पल घाला की. हुब्या का?

अख्तरबी : तुमी व्हा म्होरं, सर. मी दार लावून येते.