पाद्रीबाबांचा रविवार

अमेरिकेच्या निवडणुकीचं बोलताय म्हणून आठवलं. नव्वदच्या दशकात मी जपानमध्ये नागोयाला होतो, तेव्हा ऑफिसात शेजारी एक अमेरिकन बसायचा, तिथल्या रीतीने सगळे त्याला डेव्हिड-सान म्हणायचे. त्याचे वडील टेक्सासमधल्या एका गावात पाद्री होते.

एका सकाळी घरून आलेला फोन ठेवून त्याने समोरचं काम बाजूला सारलं.

मी विचारलं, "काय झालं रे?"

"चर्चच्या लोकांनी बाबांना पाद्रीपदावरून काढलं. त्यांचा आग्रह होता, प्रवचनात एका उमेदवाराला मत द्यायला सांगा. बाबा नाही म्हणाले."

"मग आता रविवारी काय करणार ते?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, त्याच चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसेन. मला काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची लग्नं मीच लावलीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची कशी थांबवू?"